उचलला त्याचा मेल

रॅकमधला एक चमचा, कुणी हातही लावलेला नसताना, घसरला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर खण्णकन पडला.

रविवारची दुपार होती. शेजारचा टीव्ही बंद होता, गल्लीतला भंगारवाला नुकताच पुढे गेला होता, आणि मुख्य म्हणजे ईरा झोपली होती. ही शांतता गंधालीने गाणी म्हणून, पाठीवर थोपटून आणि शेवटी स्वतः झोपेचं सोंग घेऊन मिळवली होती. सोंग घेता घेता तिला खरीच झोप लागत आली होती. त्या झोपेतून ती मोठ्या कष्टाने परत आली होती. चमचा पडला तशी ती जागच्या जागी थिजली. ईराने कूस बदलली, झोपेतच कुणाला तरी "माझं आहे ते" असं बजावलं आणि पुन्हा गाढ झोपली. गंधालीने हळूच श्वास सोडला आणि मांडीवरच्या लॅपटॉपकडे पाहिलं.

'सर्व्हर सापडत नाही,' लॅपटॉप म्हणत होता. सकाळपासून तो हेच म्हणत होता.

काल ऑफिसात बसून, मुद्दाम फोनचं नेट वापरून तिने करून पाहिलं, तेव्हा हाच सर्व्हर पहिल्या हाकेला ओ देत होता. म्हणजे बाहेरून आत यायचा रस्ता तयार झाला होता. मग आज काय झालं? तिने पासवर्ड पुन्हा टाकला, घरचा राउटर बंद करून चालू केला, लॅपटॉपला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवले. शेवटी मोरीत जाऊन दार लोटून घेतलं आणि शरच्चंद्रकाकांना फोन लावला.

"काका, मी गंधाली. ऑफिसचा सर्व्हर लागून नाही राहिला."

"लागणार कसा? आज ऑफिस बंद आहे ना."

"ऑफिस बंद असलं तरी सर्व्हर चालू पाहिजे, काका."

"पोरी, मेन स्विच पाडल्याशिवाय मी कुलूप लावत नाही. बाबांच्या वेळेपासून. सदर बाजारात बाजूचं दुकान कसं जळलं, सांगतलं होतं ना तुले?"

सांगितलं होतं. दर दिवाळीला सांगायचे.

"पण मग घरून मेल कसा उघडणार?"

पलीकडे काका विचारात पडले. "म्हणजे ऑफिसात कोणी नसताना थो डबा चालू ठेवाचा?"

"हव."

"कोणासाठी?"

"घरी असलेल्यांसाठी."

"घरी असलेल्यांनं आराम कराचा ना बाप्पा," काका म्हणाले. त्यात त्यांची माया होती, हे गंधालीला कळत होतं. पण माया आणि नेट एकाच वेळी चालत नव्हतं, त्याला ती काय करणार?

शेवटी काका स्कूटर काढून ऑफिसात गेले, मेन स्विच वर केला, आणि जिन्याखालच्या कपाटासमोर स्टूल टाकून बसले. "हिरवा लागला," त्यांनी फोनवरून सांगितलं. "आता दुसरा हिरवा. आता काही जळाल्याचा वास येऊन राहिला. नाही, नाही, माझाच उदबत्तीचा आहे." इकडे गंधालीच्या लॅपटॉपवर मेल एकामागून एक उतरू लागले. तिला इतका आनंद झाला की ती मोरीतल्या पालथ्या बादलीवर बसून थोडा वेळ नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली.

शरच्चंद्रकाकांची फर्म शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवायची. परीक्षानळ्या, मायक्रोस्कोप, प्लास्टिकचे सांगाडे, पोट उघडता येणारे बेडूक. वडिलांच्या काळी सदर बाजारात दुकान होतं. आता शंकर नगरात ऑफिस आणि मागे गोदाम. जागा बदलली, तरी काकांच्या दोन गोष्टी बदलल्या नव्हत्या. पहिली, आपलं टपाल दुसऱ्याच्या घरी ठेवायचं नाही. साऱ्या जगाने आपले मेल मोठमोठ्या कंपन्यांच्या हवाली केले, तरी या फर्मचे मेल जिन्याखालच्या कपाटात, भाचा श्रेयसने बसवून दिलेल्या काळ्या डब्यातच राहत. दुसरी, टपाल फर्मचं असतं, कुणा एकाचं नाही. जुन्या दुकानात गल्ल्याशेजारी एक पितळी परात असायची. आलेलं पत्र त्यात पडायचं आणि जो मोकळा असेल तो उचलून कामाला लागायचा. म्हणून फर्मचा मेलबॉक्सही एकच होता, सगळ्यांचा. ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर तो दिवसभर उघडा असायचा आणि येता-जाता प्रत्येक जण त्यात डोकावायचा.

गंधाली तिथे हिशोब बघायची. पण एकदा तिने प्रिंटरमध्ये अडकलेला कागद चिमट्याने ओढून काढला, आणि त्या दिवसापासून ऑफिसातल्या वीज लागणाऱ्या सगळ्या वस्तू तिच्या झाल्या.

आता तिचीच वायर कुठेतरी तुटत आली होती. ईराची शाळा साडेअकराला सुटायची. दुपारभर तिला सांभाळणाऱ्या कांताबाई मुलाकडे भिलाईला कायमच्या राहायला गेल्या. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी बिलासपूरला होत्या. नवरा शिशिर कोरब्याच्या प्लांटवर, महिन्यातून दोनदा घरी येणार आणि आल्यावर निम्मा वेळ झोपणार. उरली गंधाली. सकाळी ऑफिस आणि दुपारनंतर घरून काम, एवढंच तिने मागितलं होतं. नाहीतर नोकरी सोडायची, दुसरा रस्ता नव्हता.

काका नाही म्हणाले नव्हते. "हा आठवडा करून पाहू," ते म्हणाले होते. "सगळ्यांच्या हातात मेल आला आणि काही गडबड नाही झाली, तर पुढंही कर. गडबड झाली, तर मंग भाऊ, खुर्चीवर बसूनच काम. मी काही वाईट नाही, पण ऑफिस ऑफिस आहे."

सोमवारी सकाळी सगळे आपापले फोन घेऊन तिच्या टेबलाभोवती जमले. एकट्या गंधालीचा मेल घरी जायचा आणि बाकीच्यांचा नाही, हे काकांना अन्यायाचं वाटलं होतं. डिस्पॅच बघणाऱ्या पद्मिनीताई, गोदाम सांभाळणारा दयाराम, मोटरसायकलवरून शाळाशाळा फिरणारा यशदीप आणि स्वतः काका, सगळ्यांच्या फोनवर फर्मचा मेलबॉक्स टाकायचा होता.

पहिल्याच फोनने प्रश्न विचारला. दोन प्रकार आहेत, कोणता हवा? गंधालीने हैदराबादला श्रेयसला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"दीदी, मीटिंग में हूँ," श्रेयस कुजबुजला. "एक में मेल सर्वर पे ही रहता है, फोन बस दिखाता है. दूसरे में फोन मेल उठा के ले आता है. आप पहला वाला..." आणि तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली, फोन बंद झाला.

"नुसता दाखवते?" काका म्हणाले. "आपलं टपाल आपण काचेतून पाहाचं काय? शोकेस आहे का? थो उचलून आणणारा टाक."

"काका, तो बहुतेक पहिला टाका म्हणत होता."

"थो काय म्हणत होता ते पूर्ण कुठं म्हणला? उचलणारा टाक."

तिने उचलणारा टाकला. फोनने पुढचा प्रश्न विचारला. उचलल्यावर मेल सर्व्हरवरून काढून टाकायचा का?

"मंग? माल उचलला का रॅक रिकामा झालाच पायजे," काका म्हणाले. "नाहीतर हा दयाराम एकच खोकं दोनदा मोजते."

"मी कधी मोजलं हो, काका?" दयाराम म्हणाला.

"दोन हजार अठरात."

"थे खोकंच दोन होते!"

गंधालीला काहीतरी खटकलं होतं. रात्रभर ईराचं नाक चोंदलेलं, त्यामुळे स्वतःचं डोकं जड, आणि शाळेची रिक्षा घरी पोहोचायच्या आत आपण पोहोचायचं आहे ही टोचणी. काय खटकलं ते बघायला तिने मागे वळून पाहिलं असतं तर कदाचित सापडलंही असतं. पण घड्याळाने डोळे वटारले. तिने सगळ्यांच्या फोनवर आणि आपल्या लॅपटॉपवर तेच दोन पर्याय टाकले आणि पर्स उचलली. काकांनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचा मेलबॉक्स बंदच करायला लावला. "आता सगळ्यांच्या हातात आहे ना? मंग हे कायले?"

मंगळवार स्वर्गासारखा गेला. सकाळी ती ऑफिसात होती, दुपारी ईराच्या शेजारी चटईवर. मेलही कसे मोजकेच येत होते.

"बाई, काय शांती आहे वं," पद्मिनीताईंनी फोन करून सांगितलं. "पहिले दिवसभर टिंगटिंग चालू राहाचं. आता मले सकाळपासून दोनच मेल. मी पोळ्यांचा डबा सुद्धा गरम खाल्ला."

यशदीपलाही कमी आले होते. दयारामला एकच आला होता आणि त्याने तो दोनदा वाचला होता. काका तर इतके खूश झाले की त्यांनी सिद्धांतच मांडला, "घरून काम केलं तर मेलच कमी येतात. उगीच आपण एवढी वर्षं ऑफिसात बसून राहिलो."

कुणीच तक्रार केली नाही. ज्याच्या वाट्याला काम कमी येतं, तो चौकशी करत बसत नाही.

बुधवारी दुपारी ईरा जेवत होती. म्हणजे गंधाली भरवत होती आणि ईरा वरणाचं बोट स्वतःच्या केसांतून फिरवत होती. इतक्यात लॅपटॉपवर धमतरीच्या कॉलेजातल्या रुचिता मॅडमचा मेल आला. या मॅडम जुन्या गिऱ्हाईक. त्यांची एक सवय होती. त्या बोलतात तसा मेल लिहायच्या. एक वाक्य सुचलं की पाठवलं, दुसरं सुचलं की दुसरा मेल. नमस्काराचा एक मेल, कामाचा एक, चुकलं म्हणून एक. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ते सगळे एकाखाली एक दिसायचे, त्यामुळे कुणाला त्रास नव्हता.

आत्ताचा मेल एवढाच होता, 'कृपया कन्फर्म करा. तपासणीची टीम उद्या सकाळीच येत आहे.'

काय कन्फर्म करायचं, ते बघायला गंधालीने आधीचे मेल शोधले. एकही नव्हता. बाकीच्यांनी बघून काम केलं असेल, तिला वाटलं. त्याच क्षणी ईराने वाटी कलंडवली. एका हाताने वरण पुसत दुसऱ्या हाताने तिने उत्तर लिहिलं, 'कन्फर्म' आणि पाठवून दिलं.

चारच्या सुमारास फोन वाजला.

"गंधाली मॅडम, तुमचा सांगाडा मिळाला बरं का," रुचिता मॅडम म्हणाल्या. आवाज गोड होता, पण गोडाच्या तळाशी काहीतरी करपलं होतं.

"अरे वा! छान, मॅडम."

"छान काय? मी रद्द केला होता ना! आमचाच स्टोअरमध्ये सापडला. आता माझ्याकडे दोन सांगाडे झाले आणि मायक्रोस्कोप एकबी नाही. उद्या टीम येऊन पोट्ट्यांना विचारणार, तुम्ही काय शिकून राहिले? ते काय सांगतील, दोन सांगाडे पाहून राहिलो?"

"मायक्रोस्कोप?"

"अहो, तुम्हीच तर कन्फर्म केलं!"

गंधालीने "मी दोन मिनिटांत फोन करते" म्हटलं आणि ठेवला. काकांच्या कानावर हे जायच्या आत सगळं सरळ व्हायला हवं होतं, नाहीतर उद्यापासून खुर्ची. आणि खुर्ची म्हणजे नोकरी गेलीच. तिने आधी दयारामला गाठलं.

"दयारामभैया, धमतरीला सांगाडा तुम्ही पाठवला?"

"हव. मेल आला होता ना. 'एक सांगाडा तातडीने पाठवा, उभा, स्टँडसकट.' सकाळच्या बसवर चढवून दिला. कंडक्टर म्हणे खोक्यात काय आहे, मी म्हणलं, पाहुणा आहे, चहापाणी मागणार नाही." तो स्वतःच हसला. "काहून? पोहोचला नाही काय?"

"पोहोचला. पण तो रद्द केल्याचा मेल तुम्ही नाही पाहिला?"

"मले एवढाच आला. बाकीचे तुम्हाले आले असन."

मग पद्मिनीताई. "रद्दचा? हव, मले आला ना. 'याच्या आधीचा मेल रद्द समजा.' केला मी रद्द."

"काय रद्द केलं, ताई? सांगाडा तर गेला."

"कोणता सांगाडा? माझ्या फोनमध्ये याच्या आधीचा मेल महासमुंदच्या शाळेचा होता, परीक्षानळ्यांचा. थो केला रद्द. बांधलेली खोकी सोडून नळ्या परत रॅकवर लावल्या बाई. कंबर गेली माझी."

गंधालीने डोळे मिटले. "पण ताई, मेल धमतरीहून आला होता ना? नाव नाही पाहिलं?"

"नाव कायले पाहाचं? आपल्या मेलबॉक्समध्ये आला, म्हणजे आपलाच."

यशदीप कुठल्यातरी टपरीवर होता. मागे कपबशांचा आवाज येत होता. "हाँ दीदी, मुझे आया था. 'उसके बदले माइक्रोस्कोप भेज दीजिए, जितने हों.'"

"मग तू काय केलं?"

"अँगूठा भेज दिया."

"आणि ऑफिसात कोणाला सांगितलं?"

"सबको गया होगा ना दीदी. सबका मेलबॉक्स है."

राहिले काका. त्यांना सरळ विचारणं शक्य नव्हतं. तिने हिशोबाचं एक निमित्त काढून फोन केला आणि शेवटी सहज विचारल्यासारखं विचारलं, "धमतरीचं काही आलं का हो, काका?"

"हव! रुचिता मॅडमचा मेल होता. 'नमस्कार सर, आपली तब्येत कशी आहे?' बस, एवढंच. काही काम नाही, ऑर्डर नाही, नुसती विचारपूस. आजकाल कोण करते? मी पानभर उत्तर लिहिलं. गुडघ्याचं सगळं सांगतलं."

फोन ठेवून गंधाली चटईवर बसली. आता सगळे तुकडे समोर होते. मेल आला की ज्याच्या फोनला पहिली जाग येईल, तो उचलून नेत होता, आणि उचलला की रॅक रिकामा. दुसऱ्याला त्याचा पत्ताही लागत नव्हता. काकांची परात जशीच्या तशी सर्व्हरवर आली होती. फक्त त्या दुकानात पत्र उचलणारा ते मोठ्याने वाचायचा, आणि दोन पावलांवरचे बाकीचे ऐकायचे. इथे पाच जण पाच ठिकाणी बसून आपापलं पत्र मनातल्या मनात वाचत होते आणि बाकीच्यांनी ऐकलं असेल असं धरून चालले होते. तीही त्यातलीच. तिने तर न वाचताच होकार दिला होता.

तिने पद्मिनीताईंना फोनवरूनच सेटिंग बदलायला सांगून पाहिलं.

"ताई, वर चाकासारखं चिन्ह आहे, दाते असलेलं. ते दाबा."

"चाक नाही दिसून राहिलं. चकली आहे एक."

"तेच. तेच दाबा."

"दाबली. आता कॅमेरा चालू झाला बाई. माझंच तोंड दिसून राहिलं. किती वाळली ना मी?"

गंधालीने ईराला फ्रॉकवरच स्वेटर चढवला, एक मोजा सापडला नाही तर तसंच बुटात पाय घातला आणि ऑटो पकडली. रस्ताभर ईरा तिच्या मांडीवर उभी राहून ऑटोवाल्याला आपली नवी कविता ऐकवत होती, आणि गंधाली एका हाताने तिचा फ्रॉक धरून दुसऱ्या कानाशी फोन लावून बोलत होती. दयारामभैया, जेवढे मायक्रोस्कोप असतील तेवढे बांधा. यशदीप, चहा टाक आणि गोदामावर ये, धमतरीची बस गाठायची आहे. पद्मिनीताई, महासमुंदची खोकी परत बांधा. "परत?" पद्मिनीताई म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात त्यांची सगळी कंबर होती.

काका आतल्या खोलीत होते, दार लोटलेलं होतं. गोदामात कुजबुजत काम सुरू झालं. खोक्यांना टेप लावतानाही दयाराम ती अलगद ओढत होता. ईराला गंधालीने नमुन्याच्या सांगाड्यापाशी बसवलं. ईराने त्याची बोटं धरून पाहिली, त्याला थंडी वाजते का ते विचारलं आणि उत्तर मिळेना तेव्हा आपला रुमाल त्याच्या खांद्यावर टाकला. यशदीप मोटरसायकलवर पुढे-मागे खोकी लावून सुटला. गंधालीने टेबलावर फोन मांडले आणि एकेकाचा पर्याय बदलत गेली. मेल सर्व्हरवरच राहील, फोन नुसता दाखवेल. काचेतून तर काचेतून.

"दयारामभैया, तुमचा फोन?"

"काकांच्याच खोलीत चार्जिंगले आहे."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. तेवढ्यात आतून आवाज आला, "अरे, ही कोण?"

ईरा सांगाड्याला कंटाळून आत पोहोचली होती.

"आजोबा," ती स्पष्ट आवाजात सांगत होती, "आईचे मेल हरवले. ते सगळ्यांनी नेले. आई म्हणाली, तुम्हाला सांगायचं नाही."

काका दारात आले. ईरा त्यांचं बोट धरून होती. "गंधाली? तू तर घरून काम करून राहिली ना? मंग इथं काय करून राहिली?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर लपवायला लागणारी ताकदही उरली नव्हती. तिने सगळं सांगितलं. सांगाडा, रद्द, नळ्या, अंगठा, आणि न वाचता पाठवलेलं आपलं कन्फर्म. सांगताना तिला मध्येच जांभई आली, तिने ती दाबली, आणि दाबलेल्या जांभईने डोळ्यांत पाणी आलं. ते रडू आहे असं वाटून पद्मिनीताई तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. आणि मग ते खरंच रडू व्हायला लागलं.

काकांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "उचलणारा टाक, असं कोण म्हणलं होतं?"

दयारामने टेपचं टोक शोधायला सुरुवात केली.

"मीच ना?" काका म्हणाले. "तेच आठवून राहिलो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि ते मॅडमनं माझ्या गुडघ्याचं विचारलं, थे कामाच्या मेलचं तोंड होतं तर. मी म्हणलं, एवढी माया कशी आली."

तेवढ्यात रुचिता मॅडमचाच फोन आला. सगळ्यांचे चेहरे पडले. काकांनी उचलला, "हव", "हव", "नाही नाही, मॅडम" असं बराच वेळ चाललं आणि त्यांनी फोन ठेवला.

"त्यांच्याकडचा जुना सांगाडा उभा केला, तर त्याले एक पायच नाही म्हणे. स्टोअरमध्ये कोणी नेला काय माहीत. आपला ठेवून घेऊन राहिल्या. मायक्रोस्कोप येतील तर दोन्ही मिळून तपासणी छान होईल, आशीर्वाद द्या म्हणे." त्यांनी ईराकडे पाहिलं, तिच्या एका पायातल्या मोज्याकडे पाहिलं, मग गंधालीकडे. "तू कर घरून. गडबड झाली ती तुझ्या घरी बसण्यानं नाही झाली. इथं सगळे बसले होते, तरी झालीच ना?"

पद्मिनीताईंनीच गंधालीच्या वतीने "हव, हव" म्हटलं.

"पण एक नियम," काकांनी बोट वर केलं. "कोणी पाहिला, कोणी नाही, हे समजलं पायजे. आजपासून मेल पाहिला, का लगेच मेलवर लिहाचं, 'पाहिला'. सगळ्यांनं. मी सुद्धा."

त्या क्षणी हा नियम इतका शहाणपणाचा वाटला की गंधालीने स्वतः तो सगळ्यांना समजावून सांगितला.

पुढच्या सोमवारची दुपार. धमतरीची तपासणी पार पडली होती, महासमुंदच्या नळ्या पोहोचल्या होत्या, आणि सर्व्हर जिन्याखाली रात्रंदिवस चालू होता. काकांनी त्याच्या शेजारी वाळूची बादली ठेवली होती. गंधाली तिच्या हक्काच्या चटईवर बसली होती. ईराचं जेवण झालं होतं. तिने खेळण्यातली भांडी मांडली होती, भातुकलीचा चहा केला होता आणि एक इवलासा कप आईसमोर ठेवला होता.

टिंग. बिलासपूरच्या एका शाळेचा मेल. उद्या सुट्टी आहे, माल परवा पाठवा. गंधालीने लिहिलं, 'पाहिला.'

टिंग. पद्मिनीताई, 'पाहिला.' टिंग. यशदीप, 'देख लिया.' टिंग. दयाराम, 'पाहिला, पण परवा म्हणजे कोणता?' टिंग. काका, 'सर्वांनी पाहिला हे मी पाहिले.'

"आई, चहा," ईरा म्हणाली.

"हो गं राणी, एक मिनिट."

फोन वाजला. पद्मिनीताई. "गंधाली, एक विचाराचं होतं. यशदीपनं पाहिला लिहिलं, तर त्याच्या पाहिलावर मी पाहिला लिहाचं का?"

"नाही हो, ताई. त्याची काही गरज नाही."

"काका म्हणून राहिले, थो पण मेलच आहे ना, मंग लिहाचंच."

टिंग. टिंग. टिंग. मेलबॉक्स 'पाहिला'च्या मेलांनी भरत चालला. कुठेतरी मध्येच महासमुंदच्या शाळेचा एक खराखुरा मेल येऊन खाली सरकत होता. त्याला शोधायला गंधाली खाली गेली, तोवर वर आणखी तीन आले. तिने त्यांच्यावरही लिहिलं. मग तिच्या लिहिण्यावर सगळ्यांनी लिहिलं. काका फोन करून विचारत होते की दयारामचा पाहिला अजून का नाही आला, आणि दयाराम फोन करून विचारत होता की त्याने लिहिलेला काकांनी पाहिला का.

ईराने कप आईच्या अजून जवळ सरकवला. मग भातुकलीची कढई, मग बाहुली आणून लॅपटॉपला टेकवून बसवली. मग ती स्वतः आली आणि बाहुलीच्या शेजारी हनुवटी टेकवून आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. दुपारची उन्हं चटईवरून सरकून भिंतीला लागली होती. गंधालीने कानाशी फोन धरून, डोळे स्क्रीनवरच ठेवून, मोकळ्या हाताने तिच्या केसांवरून हात फिरवला.

"आई."

"हं, सोनू."

"तू घरी केव्हा येशील?"